वेदीपुढें जोडलेले हात

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं मागें वळून पाहावें, उभारलेल्या मंदिरांची, चालविलेल्या शाळांची आणि सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंची व भगिनींची कृतज्ञतेनें आठवण करावी, हा रिवाज योग्यच आहे. आम्हीं मात्र येथें एका निराळ्याच ठेव्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. तो ठेवा कोणत्याही दप्तरांत नोंदलेला नाहीं. तो आपल्या हातांत आहे. मंदिराच्या दारांत शिरतांना पवित्र जलांत बोट बुडवून आपण क्रुसाची खूण करितों, पापांची कबुली देतांना छाती बडवितों, प्रार्थनेच्या वेळीं हात जोडतों आणि शेजाऱ्यास शांतीचा नमस्कार करितों. या खुणा आपण लहानपणीं आईच्या मांडीवर बसून शिकलों. आतां त्या आपोआप होतात. आपोआप होतात म्हणूनच त्या कोठून आल्या आणि आपल्या वऱ्हाडांत त्यांना कोणता विशेष अर्थ प्राप्त झाला, याचा विचार आपल्या हातून क्वचितच होतो.

या विषयाचा आरंभ एका मूकबधिर तरुणापासून करणें उचित होईल. जिनीव्हाचे बिशप संत फ्रान्सिस द सेल्स हे ॲन्सी या शहरीं राहत असत. इ. स. १६०५ मध्यें ते सॅव्हॉय प्रांतांतील ला रोश या गांवीं प्रवचनांसाठीं गेले असतां त्यांना मार्टिन नांवाचा तरुण भेटला. त्याला ऐकूं येत नव्हतें आणि बोलतांही येत नव्हतें. ज्याच्या कानांत शब्द शिरत नाहीं त्यास धर्म कसा शिकवावा, हा मोठाच प्रश्न होता. संतांनीं त्यास आपल्या घरीं आश्रय दिला आणि हातांच्या खुणांनीं त्यास देवाची व तारणाची ओळख करून दिली. पुढें मार्टिन खुणांनींच पापनिवेदन करूं लागला व ख्रिस्तप्रसाद घेऊं लागला. याच कारणास्तव संत फ्रान्सिस द सेल्स हे कर्णबधिरांचे आश्रयदाते संत मानले जातात.

ही गोष्ट आम्हीं मुद्दाम सांगितली. वऱ्हाडांत श्रद्धेचें बीं पेरणारे मिशनरी याच संताचें नांव धारण करणारे होते. फादर पीटर मेर्मिए यांनीं ॲन्सी येथें इ. स. १८३८ मध्यें त्यांचा संघ स्थापिला. १८४५ मध्यें त्यांतील पहिले मिशनरी हिंदुस्थानांत येऊन विशाखापट्टणच्या बाजूस कामास लागले. तेथून त्यांचें कार्य नागपूरपर्यंत पसरलें आणि १८८७ मध्यें नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. वऱ्हाडची धर्मसेवा त्या धर्मप्रांताकडे होती. पुढें ८ मे १९५५ रोजीं अमरावतीचा धर्मप्रांत निराळा झाला आणि अमरावती व अकोला येथील ख्रिस्ती मंडळीस आपलें असें महागुरुपीठ लाभलें.

आतां वाचकांनीं त्या आरंभींच्या दिवसांचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. मिस्साबलिदान लॅटिन भाषेंत होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचा ठराव प्रसिद्ध केला, त्यानंतरच देशी भाषा वेदीवर आली. तोंवर आपल्या आजोबा-पणजोबांना वेदीवरील शब्द ऐकूं येत. पण ते कळत नसत. धर्मगुरु वेदीकडे तोंड करून उभे असत. अशा स्थितींत त्या भाविकांना मिस्सा समजत होता तो कशानें? डोळ्यांनीं आणि हातांनीं. धर्मगुरूंनीं हात पसरले म्हणजे प्रार्थना चालू आहे. हात धुतले म्हणजे अर्पणाची वेळ आली. घंटा वाजून दोन्ही हातांनीं पवित्र भाकर डोक्यावर उंच धरली म्हणजे प्रभु आपल्यामध्यें आला, हें अक्षरशत्रु शेतमजूरही जाणत होता. भाकर उंच धरण्याची ही चाल सुद्धां तेराव्या शतकाच्या आरंभीं पॅरिसच्या बाजूस रूढ झाली, ती लोकांना दर्शन घडावें म्हणूनच. मार्टिनला जें एका माणसाकडून मिळालें, तेंच आपल्या पूर्वजांना उपासनेकडून मिळालें. शब्द समजण्यापूर्वीं त्यांना हात समजले.

या खुणांमध्यें सर्वांत जुनी आणि सर्वांत परिचित अशी क्रुसाची खूण होय. तिसऱ्या शतकाच्या आरंभीं आफ्रिकेंतील कार्थेज येथील तर्तुल्यन लिहितो कीं, ख्रिस्ती लोक घराबाहेर पडतांना, घरांत येतांना, जेवावयास बसतांना, दिवा लावतांना आपल्या कपाळावर ही खूण करीत. ती त्या काळीं लहान असे. अंगठ्यानें केवळ कपाळावर रेखीत. आज शुभवर्तमान वाचण्यापूर्वीं आपण कपाळ, ओठ व छाती यांवर जी लहान खूण करितों, ती त्या जुन्या रीतीची आठवण आहे. कपाळापासून छातीपर्यंत आणि एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत जाणारी मोठी खूण पुढें प्रचारांत आली. पोप तिसरे इनोसंट (कारकीर्द ११९८ ते १२१६) यांच्या लिखाणावरून दिसतें कीं, त्या वेळीं पश्चिमेकडेही उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्याकडे हात नेत व तीन बोटें वापरीत. डावीकडून उजवीकडे नेणारेही कांहीं होते. आज आपण डावीकडून उजवीकडे नेतों व हात उघडा ठेवितों. उघड्या हाताचीं पांच बोटें प्रभूच्या पांच जखमांचें स्मरण देतात, असें वडीलधारे सांगत आले आहेत.

बोटें दोन कीं तीन, या प्रश्नावरून रशियांतील ख्रिस्तमंडळींत केवढा अनर्थ झाला, हें ज्यांस ठाऊक नाहीं त्यांस या खुणा क्षुल्लक वाटतील. तेथील धर्माध्यक्ष निकॉन यांनीं १६५३ मध्यें दोन बोटांऐवजीं तीन बोटांनीं खूण करण्याचा हुकूम काढला. जुन्या रीतीस चिकटून राहिलेल्या हजारों लोकांनीं छळ सोसला. त्यांचा पुढारी धर्मगुरु अव्वाकूम यास १६८२ मध्यें जिवंत जाळण्यांत आलें. यावरून आम्ही बोटांच्या संख्येस महत्त्व देतों असें कोणीं समजूं नये. लोक हाताच्या खुणेंत आपलें सर्वस्व पाहतात, एवढाच बोध त्यांतून घ्यावयाचा आहे.

आतां जोडलेल्या हातांकडे वळूं. पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोक हात जोडून प्रार्थना करीत नसत, हें ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. रोम शहराखालील भुयारी दफनभूमींत, विशेषतः प्रिस्किला हिच्या नांवाच्या भुयारांत, प्रार्थना करणाऱ्या व्यक्तींचीं चित्रें आहेत. त्यांचे हात दोन्ही बाजूंस वर उचललेले व तळवे उघडे आहेत. क्रुसावर पसरलेल्या प्रभूच्या हातांचें तें अनुकरण होय, असा अर्थ तर्तुल्यननेंही लाविला आहे. धर्मगुरु आजही वेदीपाशीं याच रीतीनें हात पसरून प्रार्थना करितात.

हात जोडण्याची चाल युरोपांत बाराव्या-तेराव्या शतकांत सर्वत्र पसरली, आणि तिचें मूळ सरंजामी दरबारांत असावें असें बहुतेक विद्वान मानितात. सरदार आपल्या राजापुढें गुडघे टेकी, दोन्ही हात जोडी आणि ते जोडलेले हात राजाच्या दोन्ही हातांत ठेवी. ‘मी तुमचा झालों, तुम्ही माझें रक्षण करा,’ असा त्याचा भाव असे. ११२७ मध्यें फ्लँडर्सच्या नव्या अधिपतीपुढें असे शपथविधि झाले, त्यांचें वर्णन ब्रुज येथील गॅल्बर्ट यानें केलें आहे. हीच कृति भाविकांनीं देवापुढें केली. गुरुदीक्षेच्या वेळीं दीक्षार्थी आपले जोडलेले हात बिशपांच्या हातांत देऊन आज्ञापालनाचें वचन देतो, तेथें ती जुनी रीत अद्यापि पाहावयास मिळते. म्हणून रविवारीं आपल्या मंदिरांत दोन निरनिराळे काळ एकत्र दिसतात: वेदीपाशीं रोमच्या भुयारांतले पसरलेले हात आणि बाकांवर दरबारांतले जोडलेले हात.

परंतु वऱ्हाडच्या माणसास हात जोडावयास कोणा युरोपियन मिशनऱ्यानें शिकवावें लागलें नाहीं. आपली अंजलि त्याहून कितीतरी जुनी आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत भगवान बुद्धापुढें हात जोडून बसलेल्या उपासकांच्या आकृति कोरलेल्या व रंगविलेल्या आहेत. तेथील सोळावें लेणें पांचव्या शतकांत वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें करविलें. आणि त्या राजघराण्याची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपलें वाशीम, जें १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यांतच होतें. युरोपांतील सरदार राजापुढें हात जोडूं लागले त्याच्या कित्येक शतकें अगोदर या भूमींतील लोक हात जोडीत होते. तेव्हां मंदिरांत हात जोडतांना आपण कांहीं उसनें घेतलें, असें मानण्याचें कारण नाहीं.

येथें एका कटु गोष्टीचा उच्चार केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आपल्या गांवगाड्यांत सर्वांचे हात सारख्या अर्थानें जोडले जात नव्हते. अस्पृश्य मानिलेल्या माणसानें दूर उभें राहावें, वाकावें आणि ‘जोहार’ घालावा. वरच्यानें तो स्वीकारावा, पण स्वतः हात जोडूं नये, अशी रीत होती. ज्यांचें जन्मस्थान बुलढाणा जिल्ह्यांतील मेहुणाराजा हें गांव मानलें जातें, त्या संत चोखोबांच्या नांवावर जोहाराचे अभंग आहेत; आणि त्यांची समाधि पंढरीच्या मंदिरांत नव्हे, तर महाद्वाराबाहेर आहे. युरोपांतील सरदाराचे हात निदान राजा आपल्या हातांत घेत असे. जोहार घालणाऱ्याचे हात कोणी हातांत घेत नव्हता. त्याच्या हातांचे कष्ट चालत, स्पर्श चालत नसे.

वऱ्हाडांतील पुष्कळ ख्रिस्ती घराणीं अशाच समाजांतून आलीं आहेत, आणि त्याची लाज बाळगण्याचें आपणांस कांहीं कारण नाहीं. उलट, हातांच्या खुणांचा खरा अर्थ आपल्या पूर्वजांस इतरांहून लवकर कळला असेल. ख्रिस्तसभेचे संस्कार दुरून देतां येत नाहींत. स्नानसंस्कारांत धर्मगुरूचा हात बालकाच्या मस्तकावर पाणी ओततो. दृढीकरणांत बिशपांचा अंगठा कपाळावर पवित्र तैलानें क्रूस रेखितो. आजाऱ्याच्या कपाळास व तळहातांस तैल लाविलें जातें. गुरुदीक्षेंत मस्तकावर दोन्ही हात ठेविले जातात. प्रभूनें कुष्ठरोग्यास बरें केलें तें केवळ शब्दानें नव्हे; त्यानें हात पुढें करून त्यास स्पर्श केला, असें संत मार्क सांगतात. ज्या माणसाच्या सावलीचाही विटाळ मानिला जाई, त्याच्या कपाळावर जेव्हां प्रथम अभिषेकाचा अंगठा टेकला असेल, तेव्हां त्यास कोणत्या प्रवचनाची गरज उरली असेल?

त्याच काळांत अमरावती शहरांत देवाच्या दारांत कोणीं यावें, याविषयीं मोठी चळवळ झाली. अंबादेवीच्या मंदिरांत प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्य मानिलेल्या बांधवांनीं सत्याग्रहाचा निर्धार केला, आणि नोव्हेंबर १९२७ मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालीं याच शहरीं परिषद भरली. त्या चळवळीचें मोल आपण ख्रिस्ती लोकांनींही ओळखलें पाहिजे. हात जोडण्याचा हक्क मागणारे ते लोक आपलेच भाऊबंद होते.

पण आपलें मंदिर सर्वांस खुलें होतें म्हणून आपण गर्व करावा काय? इतिहास तसें करूं देत नाहीं. दक्षिणेंत मदुराईच्या मिशनांत सतराव्या शतकांत, उच्चवर्णीयांस किळस येऊं नये म्हणून, स्नानसंस्कारांतील एक जुनी खूण गाळली जाऊं लागली. धर्मगुरु आपल्या बोटास थुंकी लावून उमेदवाराच्या कानांस व नाकास स्पर्श करीत. प्रभूनें बहिऱ्या माणसास ज्या रीतीनें बरें केलें तिचें तें स्मरण होतें. पोपचे वकील तुर्नों यांनीं १७०४ मध्यें ही खूण गाळण्यास मनाई केली. पुढें कांहीं काळ सवलत मिळाली. पण पोप चौदावे बेनेडिक्ट यांनीं १७४४ मध्यें त्या प्रकरणाचा अखेरचा निवाडा करतांना, हीनजातीय म्हणून गणलेल्या आजाऱ्यांच्या घरीं जाऊन संस्कार देण्याचें कर्तव्य मिशनऱ्यांस स्पष्टपणें बजाविलें. हा प्रश्न तेथें संपला नाहीं. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेनें डिसेंबर २०१६ मध्यें दलित ख्रिस्ती जनांच्या उन्नतीविषयीं आपलें धोरण प्रसिद्ध केलें, त्यांत ख्रिस्तमंडळींतही जातिभेद आहे हें मान्य केलें आहे. चूक झांकण्यापेक्षां कबूल करणें हेंच छाती बडविण्याच्या खुणेचें सार होय. मंदिरांत मागें उभा राहून छाती बडविणारा जकातदार नीतिमान् ठरून घरीं गेला, हें आपण शुभवर्तमानांत वाचतोंच.

आतां शेवटच्या आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाच्या खुणेकडे येऊं. आरंभींच्या ख्रिस्तसभेंत सर्व भाविक परस्परांस शांतीचें चुंबन देत. मध्ययुगांत ती चाल आटत गेली. चुंबनासाठीं एक फळी मानाच्या क्रमानें फिरविली जाई, आणि मान कोणाचा पहिला यावरून भांडणें होत. शांतीचें चिन्ह सामान्य भाविकांस पुन्हां लाभलें तें पोप सहावे पॉल यांनीं ३ एप्रिल १९६९ रोजीं मंजूर केलेल्या नव्या मिस्साविधीनें. त्याच महिन्याच्या २५ तारखेस रोमनें भारतीय बिशपांच्या विनंतीवरून उपासनेंतील बारा बदलांस संमति दिली. गुडघा टेकण्याऐवजीं अंजलिबद्ध प्रणाम, पंचांग प्रणाम, मेणबत्तीच्या जागीं समई, आरती, वस्तूचें चुंबन घेण्याऐवजीं तीस हातानें स्पर्शून तो हात डोळ्यांस अथवा कपाळास लावणें, या गोष्टी त्यांत होत्या. शांतीच्या चिन्हासाठीं परस्परांस अंजलि करावी किंवा देणाऱ्याचे हात घेणाऱ्याच्या हातांत ठेवावे, असेंही त्यांत सांगितलें होतें.

या बदलांवर वाद झाला. हें परधर्माचें अनुकरण आहे, असें कांहीं वृद्ध भाविकांस वाटलें. उलट दलित ख्रिस्ती विचारवंतांनीं विचारलें कीं, ज्या परंपरेनें आम्हांस दाराबाहेर ठेविलें तिचेच विधि आम्हीं वेदीवर कां आणावे? पहिल्या आक्षेपास वर सांगितलेला इतिहास उत्तर देतो. दोन्ही खंडांतील लोक हात जोडीत आले आहेत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्यास पुस्तकांतून उत्तर मिळणार नाहीं. तें आपल्या वर्तनांतूनच दिलें पाहिजे. जोहारांत एकच बाजू हात जोडी. शांतीच्या नमस्कारांत दोन्ही बाजू एकाच वेळीं हात जोडतात. राजापुढें सरदारानें जे हात दिले, तेच येथें भाऊ भावाच्या हातांत देतो, आणि पुढच्याच क्षणीं स्वतः घेणारा होतो. कारण धनी एकच आहे, तो वेदीवर आहे, आणि त्याच्यापुढें आपण सारे सारखेच याचक आहों. जुनी दास्याची खूण ख्रिस्तसभेंत बंधुत्वाची खूण झाली. आम्हांस वाटतें, वऱ्हाडच्या भूमींत जोडलेल्या हातांचा हाच अर्थ आहे.

२०२० च्या महामारींत जगभर हस्तांदोलन बंद पडलें आणि दूरदूरच्या देशांतील लोकही नमस्कार करूं लागले. तें अंतर रोगासाठीं होतें. मनांतील जुनें अंतर त्याच्या आडून परत येऊं नये, एवढी काळजी आपण घेतली पाहिजे.

म्हणून या ज्युबिलीच्या निमित्तानें आमची विनंती थोडकी आहे. क्रुसाची खूण माशी वारल्यासारखी घाईनें करूं नये. मुलांस ती शिकवितांना तिचा अर्थही सांगावा. चौथ्या शतकांत यरुशलेमच्या संत सिरिल यांच्या नांवें चालत आलेल्या उपदेशांत डाव्या हातास उजव्या हाताचें सिंहासन करून त्यावर राजास घेण्याची रीत सांगितली आहे. ख्रिस्तप्रसादासाठीं हात पुढें करणाऱ्यानें ती ध्यानांत ठेवावी. आणि शांतीच्या वेळीं केवळ आपल्या सोयऱ्याकडे वळूं नये. ज्याच्याशीं आठवडाभर बोलणें झालें नाहीं त्याच्याकडे आधीं वळावें. ज्या हातांवर रविवारीं प्रभु येतो, तेच हात सोमवारीं बाजारांत माप धरितात, शेतांत कापूस वेचणारीस मजुरी मोजून देतात आणि दारीं आलेल्यास पाणी देतात. ते हात तेथें आखडले, तर वेदीपुढें ते जोडून काय उपयोग?

ज्या संतानें मुक्या मार्टिनला हातांनीं देव दाखविला, त्याच्या मध्यस्थीनें आपलेही हात सत्य बोलणारे होवोत. आणि जे या मंदिरांत हात जोडून देवाघरीं गेले, त्यांस प्रभु आपल्या हातीं धरून चिरशांति देवो, हीच आमची त्याच्या चरणीं प्रार्थना.